गव्हर्नर आणि त्याची रेल्वे : सरहद्दीवरच्या राजकारण्याचं चरित्र कसं लिहावं

एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम अमेरिकेत गव्हर्नरकी करता करता रेल्वे कंपन्या उभ्या करणारे बरेच पुढारी होऊन गेले. अशा एखाद्यावर दिवाळी अंकासाठी लेख किंवा व्याख्यानमालेसाठी भाषण तयार करायला घेतलं की मजकूर दोनपैकी एका बाजूला कलंडतो. एक तर तो गौरवग्रंथातलं प्रकरण होतो : रूळ आणले, विद्यापीठं काढली, शहर वसवलं. नाहीतर सरळ आरोपपत्र होतं. दोन्ही वेळा चूक एकच असते. लिहिणारा माणसाचं पद एका पुस्तकातून घेतो, कंपनीची माहिती दुसऱ्यातून, आणि जमीन व अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींशी झालेले तह तिसऱ्यातून. तिन्हींची गाठ कुठे पडते हे त्याला दिसतच नाही. पद, कंपनी आणि जमीन एकाच कागदावर तारीखवार मांडा. बाकीची सगळी कामं त्यानंतरची.

इथे उदाहरणाला जॉन इव्हान्स घेतला आहे. जन्म १८१४, ओहायोतल्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) घरात. पेशाने डॉक्टर. इंडियानात मनोरुग्णालय उभारण्यात पुढाकार, मग शिकागोत वैद्यकीय अध्यापन, जमिनीचे व्यवहार, रेल्वे आणि नगरपालिकेचं राजकारण. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संस्थापकांपैकी एक. ते जिथे आहे त्या इव्हान्स्टनला त्याचंच नाव आहे. १८६२ मध्ये लिंकनने त्याला कोलोरॅडो टेरिटरीचा गव्हर्नर नेमलं. मृत्यू १८९७. दुसरा कोणी घेतलात तरी पद्धत हीच चालेल.

खुर्ची आधी, माणूस नंतर

टेरिटरी म्हणजे राज्य नव्हे, आणि गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपालही नव्हे. १७८७ च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्सने पायऱ्या ठरवून दिल्या होत्या. आधी केंद्राने नेमलेला गव्हर्नर, सेक्रेटरी आणि न्यायाधीश. वस्ती वाढली की निवडून आलेलं विधिमंडळ. साठ हजार वस्ती झाली की राज्याचा दर्जा मागायचा. कोलोरॅडो २८ फेब्रुवारी १८६१ ला टेरिटरी झाली आणि १ ऑगस्ट १८७६ ला राज्य. मधल्या पंधरा वर्षांत तिथल्या रहिवाशांना अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नव्हतं. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, त्यांचा एक प्रतिनिधी बसे. त्याला बोलता येई, मत देता येत नसे.

म्हणजे गव्हर्नरला नेमणार वॉशिंग्टन आणि काढणारही वॉशिंग्टन. इव्हान्सच्या आधीचा गव्हर्नर विल्यम गिल्पिन याने यादवी युद्धासाठी फौज उभी करताना केंद्राच्या खजिन्यावर सुमारे ३,७५,००० डॉलरच्या हुंड्या काढल्या. अधिकार नसताना काढल्या म्हणून त्याची खुर्ची गेली. तुमच्या माणसाची नेमणूक लिहिताना ‘आधीचा का गेला’ हे दोन ओळींत लिहाच. नव्या माणसाला कोणती सीमा दाखवून पाठवलं होतं हे वाचकाला त्यातून कळतं.

दुसरी गोष्ट बहुतेक लेखांतून निसटते. टेरिटरीचा गव्हर्नर हाच पदसिद्ध ‘सुपरिंटेंडंट ऑफ इंडियन अफेअर्स’ असे. इथे ‘इंडियन’ म्हणजे तिथले मूळनिवासी. जमातींशी बोलणी करायची, त्यांना ठरलेला माल पोचवायचा, त्यांच्या हक्कांवर लक्ष ठेवायचं, ही सगळी त्याची जबाबदारी. वसाहतीसाठी जमीन मोकळी व्हावी म्हणून दबाव आणणारे लोकही त्याच्याच दारात उभे. त्यात हा माणूस रेल्वेचा प्रवर्तक. या तीन भूमिका पहिल्या दोन पानांत स्पष्ट मांडल्या नाहीत, तर पुढचं काहीच नीट उलगडत नाही.

तारीखपट

ए-थ्री आकाराचा कागद आडवा धरा. रुंदी ४२ सेंटिमीटर भरते. तारखेला ४, ‘पद’, ‘कंपनी’ आणि ‘जमीन व तह’ या तीन रकान्यांना प्रत्येकी १०, आणि ‘कुठे सापडलं’ याला ६. उरलेले दोन सेंटिमीटर कडेला. संगणकावर करायचं तर रकाने हेच, पण छापून भिंतीला लावा. पडद्यावर एका वेळी पंधरा-वीस ओळीच दिसतात आणि आडव्या गाठी नजरेत येत नाहीत. पाच वर्षांना एक कागद. पदावर येण्याआधीच्या सगळ्या आयुष्याला मिळून एकच कागद, कारण बालपण आणि शिक्षण यांतच लिहिणाऱ्याचा निम्मा वेळ जातो आणि लेखाच्या कामी त्यातलं थोडंच येतं.

नोंद करताना तिचा उगम त्याच वेळी लिहा. दुय्यम पुस्तकातून घेतलेली नोंद पेन्सिलने. मूळ कायदा, मूळ वर्तमानपत्र किंवा समितीचा अहवाल स्वतः वाचल्यावरच तिच्यावर शाई फिरवा.

इव्हान्सचा १८६१-६२ चा भाग भरून पाहा. १८ फेब्रुवारी १८६१, तिसरा रकाना : फोर्ट वाइजचा तह. शायेन आणि अरापाहो जमातींच्या मोजक्याच प्रमुखांनी त्यावर सह्या केल्या, आणि १८५१ च्या फोर्ट लॅरामी तहाने मान्य झालेला विस्तीर्ण मुलूख जाऊन एक लहान राखीव पट्टा उरला. दहा दिवसांनी टेरिटरीची स्थापना. ती पहिल्या रकान्यात. मे १८६२ : इव्हान्स टेरिटरीतल्या डेन्व्हर शहरात दाखल. १ जुलै १८६२ : पॅसिफिक रेल्वे कायदा. त्यात युनियन पॅसिफिक कंपनी उभी करण्यासाठी नेमलेल्या आयुक्तांमध्ये कोलोरॅडो टेरिटरीतर्फे जॉन इव्हान्सचं नाव आहे; ही नोंद दुसऱ्या रकान्यात. त्याच कायद्याचं दुसरं कलम सांगतं, की या कायद्याखाली येणाऱ्या जमिनींवरचे जमातींचे हक्क सरकार शक्य तितक्या लवकर संपुष्टात आणेल. ही नोंद तिसऱ्या रकान्यात. एकच तारीख, एकच कायदा, आणि तीनपैकी दोन रकाने त्याने भरले. पहिल्या रकान्यात त्याच माणसाची गव्हर्नरकी चालू आहेच. अशी आडवी ओळ सापडली की तिच्याखाली लाल रेघ मारा. लेखाचा कणा या लाल ओळींचा होतो.

रिकाम्या रकान्याकडेही तेवढंच लक्ष द्या. १८६७ ते १८७० या काळात, इव्हान्सच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा, पदाचा रकाना रिता आहे. गव्हर्नरकी १८६५ मध्येच गेली होती. कोलोरॅडो राज्य होणार या भरवशावर तो सिनेटसाठी निवडला गेला, पण अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने राज्याच्या दर्जाचं विधेयक नाकारलं आणि ती जागा हवेतच राहिली. पद नसताना त्याचं वजन कशावर टिकलं, हा प्रश्न कोऱ्या जागेमुळेच सुचतो. उत्तर दुसऱ्या रकान्यात मिळतं.

तारखांचा घोळ ठरलेल्या जागीच होतो. कंपनीला तीन जन्मतारखा असतात : नोंदणी, पहिली कुदळ आणि पहिली गाडी. डेन्व्हर पॅसिफिकची नोंदणी नोव्हेंबर १८६७ ची, कामाला सुरुवात १८६८ मध्ये, आणि रूळ डेन्व्हरला पोचले जून १८७० मध्ये. पुस्तकं यांतली कोणतीही एक तारीख ‘स्थापना’ म्हणून देतात. राजीनाम्याचंही तसंच. जॉन्सनने इव्हान्सकडे राजीनामा मागितला जुलै १८६५ मध्ये. त्याच्या जागी अलेक्झांडर कमिंग्ज आला ऑक्टोबरात. ‘मागितला’, ‘दिला’ आणि ‘पायउतार झाला’ या तिन्ही नोंदी वेगळ्या ठेवा.

कंपन्यांची नावंही एकमेकांत मिसळतात. डेन्व्हर पॅसिफिक, डेन्व्हर साउथ पार्क अँड पॅसिफिक आणि डेन्व्हर अँड न्यू ऑर्लिन्स या इव्हान्सच्या. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड ही विल्यम पामरची. कोलोरॅडो सेंट्रल ही शेजारच्या गोल्डन गावच्या लव्हलँडची आणि डेन्व्हरच्या गटाची कट्टर स्पर्धक. कॅन्सस पॅसिफिक पूर्वेकडून येणारी, आणखी वेगळी. कागदाच्या कोपऱ्यात ही यादी लिहून ठेवा. लेखात प्रत्येक कंपनी पहिल्यांदा आली की तिची दोन टोकं सांगा. नुसतं नाव वाचकाला काही सांगत नाही.

जमिनीचा हिशोब

अमेरिकन रेल्वेचं अर्थकारण जमिनीत आहे, म्हणून हा हिशोब हाताने करून पाहावाच लागतो. सरकारी मोजणीत एक टाउनशिप सहा मैल बाय सहा मैल. तिचे ३६ सेक्शन. एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. १८६२ च्या कायद्याने रेल्वेला दर मैल रुळामागे दहा सेक्शन मिळत, म्हणजे ६,४०० एकर. १८६४ च्या दुरुस्तीने ते दुप्पट, वीस सेक्शन म्हणजे १२,८०० एकर झाले. हे सेक्शन सलग नसत. विषम क्रमांकाचे कंपनीला आणि सम क्रमांकाचे सरकारकडे, असा बुद्धिबळाचा पट. सरकारने आपल्या वाट्याच्या सेक्शनचा किमान भाव सव्वा डॉलरवरून अडीच डॉलर एकर केला. रूळ आला की भाव चढणार, ही खात्री कायद्यातच लिहिलेली होती.

डेन्व्हर ते शायेन शहर हा डेन्व्हर पॅसिफिकचा मार्ग १०६ मैलांचा, म्हणजे साधारण १७१ किलोमीटर. पुणे-मुंबई लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. त्याहून थोडा कमी, आणि वाटेत घाट नाही. मार्च १८६९ मध्ये काँग्रेसने या मार्गाला जमिनीचा लाभ दिला. १०६ ला १२,८०० ने गुणलं की १३,५६,८०० एकर येतात. पुणे जिल्ह्याच्या आजच्या क्षेत्रफळाच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त. वाचकाला एवढं प्रमाण जरूर द्या, पण हा आकडा ‘मिळालेली जमीन’ म्हणून छापू नका. ही वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात आधीच कोणी हक्क सांगितलेले सेक्शन वगळले जात, खनिजांच्या जमिनी वगळल्या जात (कोळसा आणि लोखंड सोडून), आणि दोन कंपन्यांचे पट्टे एकमेकांवर आले की तिथेही कपात होई. हातात आलेली जमीन बघायची तर सरकारी पेटंटच्या, म्हणजे जमिनीच्या मालकीपत्रांच्या, नोंदी पाहाव्या लागतात. त्या अमेरिकेच्या भूमी विभागाच्या संकेतस्थळावर चकटफू शोधता येतात. शोधताना कंपनीचं पूर्ण नाव आणि राज्य घाला. नुसतं ‘पॅसिफिक’ घातलंत तर हजारो नोंदी येतील.

इथे मराठी वाचकाच्या मनात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे उभी राहणारच, तेव्हा ती आपणहून मांडा आणि फरक स्पष्ट करा. १८४५ मध्ये जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईत रेल्वेसाठी पुढाकार घेतला. १८४९ च्या करारात ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीला भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी मिळाली. मार्गापुरती जमीन सरकारने दिली, पण दोन्ही बाजूंची गावं कंपनीच्या नावावर झाली नाहीत. तोटा आला तर भरपाई इथल्या महसुलातून. म्हणजे इथल्या भागधारकाचं लक्ष व्याजाकडे, आणि तिकडच्या प्रवर्तकाचं लक्ष रुळाकाठच्या एकराच्या भावाकडे, वस्तीकडे, नव्या गावांच्या प्लॉटकडे. इव्हान्सला टेरिटरी लवकर ‘मोकळी’ आणि लवकर राज्य झालेली का हवी होती, ते या फरकातून उमजतं. मात्र नाना शंकरशेट म्हणजे ‘आपला इव्हान्स’ असं वाक्य लिहायचा मोह टाळा. नानांच्या हाती ना प्रांताची सत्ता होती, ना फौज, ना तह करण्याचा अधिकार.

बोरघाटाचं उदाहरण खर्चाची कल्पना द्यायला चांगलं. सुमारे २५ किलोमीटरच्या चढात १,८३१ फूट उंची, २५ बोगदे, सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट. काम १८५६ ते १८६३. डेन्व्हर पॅसिफिक सपाट माळावरून गेली म्हणून दोन-अडीच वर्षांत उरकली. दोन्हींचा मैली खर्च शेजारी ठेवायचा तर हा फरक आधी सांगा. छायाचित्रांखालच्या ओळींत गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, तेही तपासा. जीआयपी साडेपाच फुटी, डेन्व्हर पॅसिफिक चार फूट साडेआठ इंची, साउथ पार्क तीन फुटी अरुंद. अरुंद गेजचं इंजिन ‘डेन्व्हर पॅसिफिकची पहिली गाडी’ म्हणून छापलं, तर जाणकार वाचक पुढचा लेख वाचणारच नाही.

डॉलरचं काय करायचं

आजच्या रुपयांत रूपांतर करू नका. ते आकडे दोन-तीन वर्षांत शिळे होतात आणि मुळातच ढोबळ असतात. त्याऐवजी त्याच काळातला आकडा शेजारी ठेवा. डेन्व्हर ज्या अरापाहो काउंटीत होतं तिने जानेवारी १८६८ मध्ये डेन्व्हर पॅसिफिकसाठी पाच लाख डॉलरचे रोखे मतदानाने मंजूर केले. गिल्पिनची खुर्ची पावणेचार लाखांच्या हुंड्यांपायी गेली होती. हे दोन आकडे जवळ आले की वजन कळतं.

एक सापळा मात्र आहेच. १८६२ पासून १८७८ अखेरपर्यंत अमेरिकेत कागदी डॉलर आणि सोन्याचा डॉलर यांचा भाव वेगळा होता. १८६४ च्या जुलैत तर कागदी डॉलरला चाळीस सेंटपेक्षाही कमी सोनं मिळे. तेव्हा १८६४ चा आकडा आणि १८८० चा आकडा एका वाक्यात बेरजेला घेऊ नका. नोंदवहीत प्रत्येक रकमेपुढे वर्ष आणि ‘कागदी’ की ‘सोनं’ हे लिहा. उगमात सांगितलेलं नसेल तर प्रश्नचिन्ह टाका. जीआयपीच्या आकड्यांशी तुलना करायचीच असेल, तर त्या काळी दहा रुपयांना साधारण एक पौंड आणि एका पौंडाला साधारण ४.८७ सोन्याचे डॉलर, म्हणजे सोन्याच्या डॉलरला दोन रुपयांच्या आसपास, एवढं गणित पुरतं.

पुण्यात बसून कुठे काय मिळेल

कोलोरॅडोचे मूळ कागद पुण्यात नाहीत, हे धरूनच कामाची आखणी करा. पुण्यात जे मिळतं ते तुलनेचं आणि संदर्भाचं. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात रेल्वे, हमी आणि भांडवल यांवरची जुनी पुस्तकं व अहवाल बघा. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात अमेरिकन इतिहासाची पुस्तकं आणि संशोधनपत्रिका चाळा. भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दफ्तर ही आपली मोठी ठिकाणं, पण या कामाला त्यांचा उपयोग मर्यादित. तिथे दिवस घालवायचा तर घाटाच्या किंवा जमीनमहसुलाच्या एखाद्या ठरावीक प्रश्नासाठीच घालवा. पुण्यातलं ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून निघत होतं. रेल्वे येताना इथल्या वाचकाला काय सांगितलं जात होतं ते पाहायचं असेल, तर त्याचे मिळतील ते अंक बघा.

मूळ कागद घरबसल्या मिळतात. अमेरिकेचे कायदे ‘स्टॅट्यूट्स ॲट लार्ज’मध्ये, पॅसिफिक रेल्वे कायदा बाराव्या खंडात, पान ४८९ पासून. काँग्रेसमधली भाषणं १८७३ पर्यंत ‘काँग्रेशनल ग्लोब’मध्ये. दोन्ही लायब्ररी ऑफ काँग्रेसने खुली ठेवली आहेत. कोलोरॅडोची जुनी वर्तमानपत्रं त्या राज्याच्या ऐतिहासिक वृत्तपत्र संग्रहात सापडतात. डेन्व्हरच्या एखाद्या अभिलेखागाराला पत्र पाठवायचं तर आधी त्यांची सूची उतरवून घ्या आणि पेटी व फोल्डरचा क्रमांक लिहूनच मागणी करा. ‘इव्हान्सबद्दल जे असेल ते पाठवा’ या पत्राला उत्तर म्हणून पुन्हा ती सूचीच येते. पुणे डेन्व्हरच्या साडेअकरा ते साडेबारा तास पुढे आहे, तेव्हा फोन करायचा तर आपल्या रात्री.

वर्तमानपत्रं वाचण्याची रीत

‘रॉकी माउंटन न्यूज’ सर्वांत सहज मिळतं, म्हणून सर्वांत जास्त फसवतं. ते १८५९ मध्ये विल्यम बायर्सने काढलं. बायर्स इव्हान्सचा राजकीय साथीदार आणि डेन्व्हरच्या रेल्वेचा खंदा पुरस्कर्ता. एकट्या त्या पत्रावर लेख उभा केला, तर त्याच्या अग्रलेखांचा सूर तुमच्याही मजकुरात उतरतो. खाणीच्या मुलखातलं ‘ब्लॅक हॉक मायनिंग जर्नल’ राज्याच्या दर्जाला आणि इव्हान्सच्या गटाला विरोध करत होतं. प्रत्येक मोठ्या घटनेसाठी दोन्ही पत्रांचे त्या आठवड्याचे अंक वाचा.

शोधपेटीत नुसतं ‘इव्हान्स’ घालू नका. स्कॅनवरून संगणकाने वाचलेल्या मजकुरात अक्षरं चुकतात, आणि त्या आडनावाचे इतरही पुष्कळ. ‘गव्हर्नर’चं इंग्रजी संक्षिप्त रूप आणि आडनाव जोडून शोधा, मग फक्त तारखेने अंक उघडून पानं डोळ्यांनी चाळा. जाहिरातीही वाचा, जमिनीच्या विक्रीच्या, कंत्राटांच्या आणि भागधारकांच्या सभेच्या सूचना तिथेच असतात. डेन्व्हरला तार आली १८६३ मध्ये. त्याआधीची पूर्वेकडची बातमी कित्येक दिवस शिळी, हे तारखा लावताना लक्षात असू द्या.

दंतकथांना वेगळा कागद ठेवा. जून १८७० च्या समारंभाला जॉर्जटाउनच्या खाणवाल्यांनी चांदीचा खिळा द्यायचा होता. तो आणणाऱ्यांनी आदल्या रात्री दारूपायी गहाण टाकला, आणि इव्हान्सने साध्या लोखंडी खिळ्याला पांढरा कागद गुंडाळून ठोकला, असं सांगतात. गोष्ट इतकी रंगतदार, की प्रत्येक लेखात येते. ठेवा, पण ‘असं सांगतात’ यासकट, आणि तीन ओळींपुढे नाही. अर्ध्या पानाचा विनोद झाला, तर १०६ मैलांचा पैसा कुठून आला हे सांगायला जागा उरत नाही.

सँड क्रीक

हे प्रकरण सगळ्यांत शांतपणे आणि सगळ्यांत तपशिलाने लिहायचं आहे. त्याला लेखाचा किमान चौथा हिस्सा द्या.

क्रम असा. २७ जून १८६४ ला इव्हान्सने ‘मैदानातल्या मित्र इंडियन्सना’ उद्देशून जाहीरनामा काढला : ठरावीक लष्करी ठाण्यांवर या, तिथे सुरक्षित राहाल. ११ ऑगस्टला दुसरा : नागरिकांनी शत्रू जमातींचा पाठलाग करावा, त्यांना मारावं, त्यांचं सापडेल ते घ्यावं. त्याच सुमारास शंभर दिवसांच्या बोलीवर तिसरी कोलोरॅडो घोडदळ पलटण उभी राहिली. २८ सप्टेंबरला डेन्व्हरजवळ कँप वेल्डला ब्लॅक केटल, व्हाइट अँटेलोप आणि इतर प्रमुख शांततेची बोलणी करायला आले. इव्हान्सने तह केला नाही. विषय लष्कराकडे ढकलला. आपण संरक्षणाखाली आहोत या समजुतीने शायेन आणि अरापाहो लोकांनी सँड क्रीकच्या काठी तळ ठोकला. २९ नोव्हेंबरच्या पहाटे कर्नल जॉन शिव्हिंग्टनच्या सैन्याने त्या तळावर हल्ला केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अंदाजाने २३० च्या आसपास माणसं मारली गेली. त्यांत बहुसंख्य बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. इव्हान्स त्या वेळी पूर्वेकडे गेलेला होता.

लिहिताना तीन प्रश्न सुटे ठेवा : त्याने हुकूम दिला का, त्याला आधी ठाऊक होतं का, आणि ही परिस्थिती घडवण्यात त्याचा वाटा किती. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की लेख कलंडतो. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न आणि डेन्व्हर, या दोन्ही विद्यापीठांच्या समित्यांनी आपल्याच संस्थापकाची चौकशी करून अहवाल दिले. नॉर्थवेस्टर्नच्या समितीला त्याने कट आखल्याचा किंवा त्याला आधी माहीत असल्याचा पुरावा सापडला नाही. पण परिस्थिती निर्माण करणाऱ्यांपैकी तो एक, हे त्यांनी नोंदवलं. डेन्व्हरच्या समितीने त्याचा दोष अधिक खोल ठरवला. दोन्ही अहवाल पूर्ण वाचा. वर्तमानपत्री सारांशांत दोन्हींतला फरक पुसला जातो.

मूळ साधनांत १८६५ च्या काँग्रेसच्या संयुक्त समितीचा अहवाल आणि तिच्यापुढची इव्हान्सची साक्ष आधी वाचा. समितीने त्याच्या साक्षीवर टाळाटाळीचा ठपका ठेवला. त्याने ऑगस्ट १८६५ मध्ये छापील उत्तर दिलं, तेही वाचा. मग कॅप्टन सायलस सोल आणि लेफ्टनंट जोसेफ क्रेमर यांची पत्रं. त्या दिवशी आपल्या माणसांना गोळी चालवू न देणारे हे अधिकारी. सोलचा एप्रिल १८६५ मध्ये डेन्व्हरच्या रस्त्यावर खून झाला. ही पत्रं २००० मध्ये उजेडात आली, म्हणून त्याआधीच्या चरित्रांत ती नाहीत. जुनं चरित्र हाती असेल तर छपाईचं वर्ष आधी बघा. शेवटी १८८४ ची इव्हान्सची मुलाखत. वीस वर्षांनीही तो या हत्याकांडाने कोलोरॅडोचा फायदा झाला असंच म्हणतो, कारण मैदानं जमातींपासून मोकळी झाली. हे विधान तारीखपटावर १८७० च्या रुळाखाली आणि १८६२ च्या दुसऱ्या कलमाखाली ठेवून वाचा. माझ्या मते साऱ्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची लाल ओळ ती आहे.

जमातींची नावं घ्या, प्रमुखांची नावं घ्या. शायेन हे शहराचंही नाव, म्हणून प्रत्येक वेळी ‘शायेन शहर’ किंवा ‘शायेन लोक’ असं पूर्ण लिहा. नंतरचं थोडक्यात पुरे : २०२१ मध्ये कोलोरॅडोच्या गव्हर्नरने १८६४ चे जाहीरनामे रद्द केले, आणि २०२३ मध्ये माउंट इव्हान्सचं नाव माउंट ब्लू स्काय झालं.

कागदावरून लेखाकडे

दिवाळी अंकाला साडेतीन हजार शब्द धरले, तर पदाआधीच्या आयुष्याला चारशे, खुर्चीला पाचशे, सँड क्रीकला नऊशे, रेल्वे आणि जमिनीला बाराशे, उरलेले पुढच्या आयुष्याला. बहुतेक संपादक जुलै-ऑगस्टमध्ये मजकूर मागतात. तेव्हा मूळ कायदे आणि अहवाल वाचून मार्चपर्यंत तारीखपट शाईत आलेला हवा. भाषण असेल तर आकडे निम्म्याने कमी करा आणि तेच फलकावर लिहा; ऐकणाऱ्याच्या डोक्यात एका तासात पाच-सहा आकड्यांपलीकडे राहत नाहीत.

पहिला खर्डा झाला की रंगीत पेन्सिलने विशेषणं खोडा : द्रष्टा, धाडसी, क्रूर, कावेबाज. प्रत्येकाच्या जागी एक तारीख किंवा एक कृती बसते का ते बघा. बसली तर विशेषणाची गरज नव्हती. नाही बसली तर ते वाक्य तुम्ही कुठून तरी उचललेलं आहे.

नकाशा स्वतः काढा. डेन्व्हर, गोल्डन, शायेन शहर, सँड क्रीक, प्लॅट आणि आर्कान्सा या नद्या, १८५१ आणि १८६१ च्या तहांच्या हद्दी, १८७० चा मार्ग; एवढं एकाच नकाशात मावतं. तहांच्या हद्दी तुटक रेघेने आणि रेल्वे आडव्या दांड्यांच्या रेघेने दाखवा. मैल आणि किलोमीटर दोन्हींची पट्टी नकाशाच्या चौकटीच्या आत काढा. चौकटीबाहेर राहिली, तर मांडणीकार नकाशा पानात बसवायला लहान करतो तेव्हा पट्टी तशीच मोठी राहते आणि सगळी अंतरं चुकतात. शेवटचं प्रूफ आलं की फूटपट्टी लावून डेन्व्हर ते शायेन शहर मोजा. रेल्वेमार्ग १०६ मैलांचा, आणि सरळ रेषेतलं अंतर शंभर मैलांच्या आत यायला हवं.